राखणदाराला सांगितलं, साहेबांनी लिहून घेतलं

तोंडामुळे माणूस गोत्यात येतो म्हणतात. मी तर हातात नारळ धरून, देवाच्या साक्षीने गोत्यात गेलो. आता चहा ओतलाच आहे, तर ऐका.

शाळेतून निवृत्त झालो आणि धामापूरच्या वाटेवरची आमची काजू-आंब्याची बाग पाहुण्यांसाठी खुली केली. झाडं दाखवायची, झोपाळ्यावर बसवायचं, घावणे-चटणी वाढायची, एवढाच धंदा. पहिलीच मोठी सहल ठरली, चाळीस मुलांची. शाळेच्या बाई म्हणाल्या, मुलाला बागेत काही लागलं तर भरपाई देणारा विमा हवा. कागद हातात आला तरच सहल. म्हणजे विमा नाही तर मुलं नाहीत, आणि मुलं नाहीत तर माझा धंदा बारशाआधीच आटोपला.

शोधायला निघालो. एकाने माझ्याच आयुष्याचा विमा काढायला घेतला, दुसऱ्याने स्कूटरचा, तिसरा आंब्याच्या मोहोरावर आला. पाहुणा पडला तर काय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं!

शेवटी कट्टा गावच्या बाजारात मंदा भेटली. माझीच विद्यार्थिनी, आता विम्याची एजंट. वर्गात फार बोलते म्हणून मी तिला कितीदा बाकावर उभं केलं असेल, मोजदाद नाही. तिने तिथेच उभ्या उभ्या मला सगळं समजावलं. हा विमा कोणाला लागू, कोणाला नाही, काय दाखवायचं, काय नाही. मी मान डोलावत होतो. खरं सांगू? माझं लक्ष नारळ निवडण्यात होतं. विमा कंपनीचे साहेब बाग बघायला येणार, म्हणजे आधी राखणदाराला नारळ द्यायला नको?

राखणदार म्हणजे आमच्या बागेचं रक्षण करणारा देव. फणसाखाली त्याचा पाषाण आहे. कुठलंही काम काढलं की त्याच्यापुढे गाऱ्हाणं, म्हणजे मोठ्याने साकडं घालायचं, ही आमची रीत. आणि गाऱ्हाणं घालावं तर मीच, असं गावात म्हणतात. निदान मी तरी म्हणतो.

साहेब आले. हातात वही, बरोबर मंदा. मी त्यांना बागेत फिरवण्याआधी फणसाखाली नेलं, बायको आणि दोन गडी मागे उभे केले आणि आवाज लावला.

"बा राखणदारा म्हाराजा, आज तुझ्या पायाकडे नारळ ठेवलो आसा, तो मान्य करून घे. म्हाराजा, बावडेचो कठडो मोडलेलो आसा, थंय कोण पोर वाकान पडता नये!"

"व्हय म्हाराजा!" मागून तिघे.

"झोपाळ्याची एक दोरी कुजलेली आसा, ती सहल जायसर तुटता नये!"

"व्हय म्हाराजा!"

देवापुढे लपवायचं कशाला? मी रंगात आलो. कुंपणाची उघडी तार, चिऱ्यांच्या ढिगातलं जिवाणू म्हणजे साप, मागच्या पायऱ्यांवरचं शेवाळ, पोरांच्या मागे लागणारा आमचा पाडा म्हणजे गोऱ्हा, सगळं सांगितलं. डोळे उघडले तर साहेब वहीत लिहीत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "सर, पाड्याच्या आधी काय म्हणालात?"

चाळीस मुलं डोळ्यांसमोरून परत निघाली.

साहेबांनी वही मिटली. म्हणाले, "इतके धोके मालकच सांगतोय, तर विमा कसा द्यायचा?"

तेव्हा मंदा पुढे झाली. एकदम शुद्ध कचेरीची मराठी. "साहेब, लोक धोके लपवतात म्हणून तुम्हाला इथवर यावं लागतं. हे गृहस्थ देवासमोर खरं बोलले. ही यादी म्हणजे दुरुस्तीची यादी समजा. आठ दिवसांत एकेक काम करून फोटो पाठवते. मग तर हरकत नाही ना?"

साहेब विचारात पडले आणि चक्क हो म्हणाले. ज्या तोंडाला मी बाकावर उभं केलं होतं, त्याच तोंडाने माझा धंदा वाचवला. त्या क्षणी मला तिचा अभिमान वाटला, आणि वाटलं, तेव्हा बाकावर मीच उभं राहायला हवं होतं.

आठ दिवस ती रोज आली. विहिरीचा कठडा बांधून घेतला, दोरी बदलली, तार काढली, चिरे हलवले, पाडा बहिणीकडे धाडला. फोटो गेले, कागद आला. सहल पक्की. फक्त मागच्या पायऱ्या मी परस्पर "झाल्या" म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्याच कोपऱ्यातल्या स्वच्छ पायऱ्यांचा फोटो दिला होता. मागे कोण जातो, म्हटलं.

कोण जाणार? मीच गेलो. मंदाला द्यायला फणस काढायचा होता. तिच्यादेखत चार पायऱ्या एकदम उतरलो आणि खाली उताणा पडलो. फणस पोटावर.

आडवा असतानाच विचारलं, "मंदा, ह्यां त्या विम्यात बसता मगे?"

ती मला उठवत म्हणाली, "नाय, सर. तो पावण्यांसाठी आसा, मालकासाठी नाय. मिया बाजारात सांगलंय, तेव्हा तुमी नारळ वाजवन बघी होतात."

मग तिने पायऱ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हातात ब्रश दिला. चाळीस मुलं यायच्या आधी सबंध शेवाळ मी घासलं, कमरेला पट्टा बांधून. ती वर उभी राहून लक्ष ठेवत होती, आणि मध्येच बोललो की म्हणत होती, "सर, वर्गात बोलूचा नाय."