कुंपणावरच्या साड्या

थंडीतल्या सकाळचं कोवळं ऊन, फ्लॉवरच्या निळसर पानांवर थरथरणारं दव, आणि मळ्याभोवतीच्या बांबूंवर एकीला एक गाठ मारून ताणलेल्या माझ्या आईच्या साड्या... वाऱ्यानं त्या फुगत होत्या, पुन्हा खाली बसत होत्या.

मी तेव्हा चौथीत होते. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. बाबांची नोकरी हैदराबादची, आमचं घर काचीगुड्याला. पण त्यांचं बालपण मराठवाड्यातल्या शेतात गेलेलं, त्यामुळे शहराबाहेर जंगलाच्या कडेला घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर त्यांचा भारी जीव. मात्र पहाटे जंगलातून हरणं उतरत आणि पालकाचे, कोथिंबिरीचे कोवळे शेंडे खाऊन जात. डबे वाजवून झाले, काट्या लावून झाल्या. शेवटी शेजारच्या मळ्यातल्या मल्लम्मानं सुचवलं, की माणसाच्या अंगाचा वास असलेली जुनी लुगडी बांधा, हरणं त्या वासाला बिचकतात.

आमच्या घरी आईच्या साड्यांची लोखंडी पेटी होती. आई गेल्यावर ती बंद करताना बाबाच म्हणाले होते, "या आता तुझ्या. मोठी झालीस की नेसशील." आठवण आली की मी झाकण उचलून त्या घड्यांमध्ये तोंड खुपसून बसायची... शिकेकाई, टाल्कम पावडर, आणि त्यापलीकडचा एक उबदार गंध, जो फक्त तिचा होता.

आणि त्या रविवारी बाबांबरोबर बसमधून उतरून बांधावर आले, तर तिची जांभळी नारायणपेठी समोर. पलीकडे लग्नातली पांढरी साडी, काठाला चिखल लागलेला. मी शाळेत असताना बाबांनी पेटी रिकामी केली होती, मला न विचारता, न सांगता.

"बाबा, या माझ्या होत्या ना?"

गाठ आवळत, मान वर न करता ते म्हणाले, "कापडच आहे, बाळा. पेटीत कुजण्यापेक्षा कामी आलं. ती असती तर तिनंच काढून दिलं असतं."

मी पांढऱ्या साडीला नाक लावलं. उन्हाचा वास होता, शेणखताचा होता... तिचा नव्हता.

हरणं खरोखरच आली नाहीत. पहिला फ्लॉवर बाबांनी हौसेनं स्वतः शिजवला. मी ताट सरकवलं, तेव्हा त्यांनी विचारलं, तिखट झालंय का. मी हो म्हटलं. त्यानंतर ते कशाचंही वचन देत, तेव्हा मी मान डोलवायची. विश्वास मात्र ठेवायची नाही.

आता तिथं इमारती उभ्या आहेत. बाबा थकलेत, दिलसुखनगरला माझ्याकडेच असतात. पाहुणे आले की मळ्याच्या गोष्टी रंगतात.

"त्या वर्षी हरणांनी एका पानाला तोंड लावलं नाही," ते अभिमानानं सांगतात.

कसं काय, असं कुणीतरी विचारतंच.

"जुन्या साड्या होत्या घरात. बांधल्या."

कुणाच्या, ते सांगत नाहीत... कदाचित आठवतही नसेल. मी रिकामे कप उचलते आणि आत जाते.