सोल्फ्रिदचा दुखरा गुडघा

सोल्फ्रिदला स्की येत नव्हतं आणि हे गावात तिच्या नवऱ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. टेलेमार्कच्या त्या खोऱ्यात दारू माफ आहे, लफडं माफ आहे, पाळकबुवांचं प्रवचन चालू असताना घोरणंही माफ आहे. स्की न येणं मात्र घराण्याला बट्टा. सोल्फ्रिद पश्चिम किनाऱ्यावरच्या बेटावरची. तिथे बाराही महिने पाऊस, आणि बर्फ लागतो तो मासे टिकवायला. लग्न होऊन इथे आली तेव्हा लाजेपोटी तिने ‘माझा गुडघा दुखतो’ असं सांगून टाकलं. मग काय, तो धडधाकट गुडघा तिला जन्मभर दुखवावा लागला.

ईस्टर आला की सगळं खोरं डोंगरावर, आपापल्या लाकडी कॅबिनमध्ये जातं. सोल्फ्रिदची कॅबिन तळ्याच्या पलीकडे, हिवाळ्यात रस्ताच नाही. तिचा नवरा ओदवार दरवर्षी तिला खारवलेलं मांस, कॉफी आणि संत्र्यांच्या पिशवीसकट ढकलगाडीत बसवायचा. ढकलगाडी कसली, ओढगाडीच; चाकं नसलेली, बर्फावरून घसरणारी. दोर कमरेला बांधून तो निघायचा. उतार आला की ही किंचाळायची, “हळू रे!” आणि तो मागे न बघता म्हणायचा, “तू संत्री सांभाळ.”

गेल्या पानगळीत लाकडं फोडता फोडता ओदवार गेला. नाताळ उलटला आणि मुलगा, सिंद्रे, कॉफी ढवळत म्हणाला, “आई, ईस्टर झाला की कॅबिन विकून टाकू.”

“का?”

“तुला तिथे नेणार कोण? बाबांसारखं ओढत बसायला माझी कंबर काही तेवढी भक्कम नाही.”

“मी माझ्या पायांनी येईन.”

“कुठल्या? दुखऱ्या की बऱ्या?”

सोल्फ्रिदच्या डोक्यात तिडीक गेली. ओदवारचा पाइप, त्याची टोपी, त्याने वाकडा बसवलेला दरवाजा, सगळं त्या कॅबिनमध्ये होतं. ते परक्याच्या हाती जाणार, का तर हिने तरुणपणी एक थाप मारली म्हणून! दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या हाल्दिसकडे गेली. ऐंशी पार केलेल्या या निवृत्त मास्तरणीने गावातल्या निम्म्या पोरांना स्की शिकवलं होतं. थाप ऐकून ती इतकी हसली की कॉफी नाकातून आली.

“अगं, म्हणजे एवढी वर्षं मी तुला गुडघ्याला लावायला तेल देत होते ते?”

“त्या तेलाने माझ्या चपला मऊ झाल्या.”

“उद्यापासून ये. माझ्या गोठ्यामागे. तिथे मेंढ्यांशिवाय कुणी बघत नाही, आणि त्या चहाडी करत नाहीत.”

शिकवणी कसली, विटंबनाच ती. “गुडघे वाकव! अगं, थोडेच, प्रार्थनेला नाही बसायचं!” हाल्दिस ओट्यावरून ओरडायची. सोल्फ्रिद पुढे तोंडघशी पडली, मागे पार्श्वभागावर पडली, उभ्या जागी काहीही न करतासुद्धा पडली. हळूहळू सपाटीवर चालणं जमलं, चढ जमला. उतारावर मात्र स्की आपल्या मर्जीने निघायची आणि ही नाइलाजाने तिच्याबरोबर जायची. एकदा ती थेट शेणखताच्या ढिगात शिरली.

“चला, ऊब तरी मिळाली,” हाल्दिस म्हणाली.

“कॅबिनच्या आधी मोठा उतार आहे गं. मी मरेन तिथे.”

“मग घसरूच नकोस.” म्हातारीने कपाटातून लाल मेणाची ट्यूब काढून तिच्या हातावर ठेवली. “कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नकोस. मला या गावात अजून थोडं जगायचंय.”

तिचं बरोबरच होतं. स्कीच्या तळाला कुठल्या दिवशी कुठलं मेण लावायचं यावरून इथे सख्खे भाऊ बोलेनासे होतात. कोरड्या थंडीत निळं. लाल चिकट मेण वितळत्या, ओल्या बर्फासाठी. ते कोरड्या बर्फात लावलं तर तळाला बर्फाचे गोळे चिकटतात आणि स्की हलत नाही. पोरंसुद्धा ही चूक करत नाहीत.

ईस्टरच्या गुरुवारी कडक थंडी होती. सिंद्रेची बायको-मुलं दुसऱ्या दिवशी यायची होती. त्याने आपल्या स्कीला निळं मेण लावलं, सामानाची ओढगाडी कमरेला बांधली. सोल्फ्रिदने रस्ता संपतो तिथे उभ्या केलेल्या मोटारीच्या आडोशाला जाऊन अख्खी लाल ट्यूब रिकामी केली.

उतारापर्यंत सिंद्रे आईला स्कीवर चालताना तोंडात बोट घालून बघत होता. मग उतारावर तो कमरेच्या गाडीसकट सुसाट निघाला. सोल्फ्रिद मागून थप थप करत, पायाखाली बर्फाचे हे एवढे गोळे घेऊन, जिना उतरावा तशी उतरू लागली.

“आई! मेण चुकलंय तुझं!” तो मागे वळून खिदळला. “अख्खं खोरं हसेल गं!”

पुढचं झाड त्याला दिसलंच नाही. आपटला, गाडी त्याच्यावर आपटली, संत्री बर्फभर पसरली. सोल्फ्रिद थप थप करत पोहोचली तेव्हा तो पाय धरून कण्हत होता.

“काय झालं?”

“गुडघा,” तो म्हणाला.

ती हसली नाही, यासाठी तिला स्वर्गात जागा मिळायला हरकत नाही. तिने संत्री गोळा केली, लेकाला गाडीत बसवलं, पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली आणि दोर आपल्या कमरेला बांधला. पुढे गोठलेलं तळं होतं. ते लाल मेण बर्फाला असं घट्ट धरत होतं की तिचा पाय तसूभरही मागे सरकला नाही.

“आई, हळू गं!”

सोल्फ्रिदचे डोळे वाहू लागले. ओदवार मागे का बघत नसे, ते तिला आत्ता कळलं. ओले डोळे मागच्याला दिसू द्यायचे नसतात, आणि ते पुसायला दोन्ही हातांतल्या काठ्या सोडाव्या लागतात.

“तू संत्री सांभाळ,” ती मागे न बघता म्हणाली. “आणि विकायचं काय म्हणत होतास?”

मागे संत्र्यांची पिशवी खसफसली.

“कोण म्हणत होतं?” गाडीतून उत्तर आलं.