तिसरी सुपारी

भाऊजी गेल्याचा निरोप घेऊन कचेरीत जो माणूस आला, त्याला मी आधी ओळखलंच नाही. करीम गाडीवाला. गिरगावात भाऊजींच्या वाडीच्या तोंडाशी त्याची घोडागाडी वर्षानुवर्षं उभी असायची, पण हातात चाबूक नसलेला करीम मी कधी पाहिलेलाच नव्हता. दारातच उभा राहून तो म्हणाला, "रावसाहेब सुबह उठेच नहीं." एवढंच. शनिवार होता, शर्यतीचा दिवस. माणसाचं मन काय चीज आहे बघा... बहिणीचं काय झालं असेल हे मनात यायच्या आधी मला आठवलं, की आज तिसरा घोडा कोणता ठरवला होता भाऊजींनी? मग मात्र डोळ्यांसमोर ताई आली आणि मी पगडी घालायलाही विसरून करीमच्या मागे धावलो.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, केशवराव. मुंबईच्या कोट भागात एका कापसाच्या पेढीवर कारकून. अंगाने काटकुळे, आवाज हळू, पानाचे शौकीन, आणि वाडीतल्या समस्त वडीलधाऱ्यांच्या मते वाया गेलेले. कारण एकच, महालक्ष्मीच्या मैदानावरच्या घोड्यांच्या शर्यती. आता खरं सांगायचं तर वाडीतले निम्मे वडीलधारे स्वतःच शनिवारी दुपारी 'देवीला जाऊन येतो' म्हणून निघायचे आणि देवळाची पायरीसुद्धा न चढता मैदानावर उभे दिसायचे. पण ते चोरून जात, भाऊजी सांगून जात, म्हणून भाऊजी वाया गेलेले. असो. मेलेल्या माणसाच्या बाजूने भांडायला मला आवडतं, तो मध्येच गप्प बसवत नाही.

शर्यतीचा अभ्यास त्यांच्यासारखा करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. शर्यतीचा आदला दिवस म्हणजे शुक्रवार. संध्याकाळी जेवणं झाली, की स्वयंपाकघरातला एक पाट माजघरात यायचा. त्यावर भाऊजी सुपाऱ्या मांडत. एक सुपारी म्हणजे एक घोडा. प्रत्येक सुपारीपुढे हरभऱ्याचे दाणे ठेवत, ते त्या घोड्यावर लादलेलं वजन. ही वजनाची भानगड वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. शर्यत रंगावी म्हणून चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात, खोगिरात शिसं घालतात, आणि मरतुकड्या घोड्याला हलकं सोडतात. कागदावर तरी सगळे एका वेळी पोचावेत असा हिशेब. भाऊजींनी हे पहिल्यांदा ताईला समजावून सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिने मानही वर केली नाही. म्हणाली, "म्हणजे आमच्यासारखंच की. जी सून कामाला वाघ, तिच्याच माथी पाटा-वरवंटा." ताई त्या घरची थोरली सून. भाऊजी पोट धरून हसले, आणि पुढे कोणी त्यांना वजनाचं गणित विचारलं की हेच उत्तर देऊ लागले. आता कुठल्या सुनेला किती वजन झेपेल आणि कुठली मध्येच बसकण मारील, हे ओळखणं म्हणजे सगळी विद्या. पहाटे मैदानावर घोडे फिरवायला आणत, तेव्हा भाऊजी आठवड्यातून दोनदा तरी तिथे जाऊन उभे राहत. घाम मानेवर आधी येतो की काखेत, घोडा पाणी पिताना कान कसे ठेवतो, हे बघून घरी यायचे आणि मग पाटावरची एखादी सुपारी बोटभर पुढे सरकायची, एखादी मागे.

लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत मात्र हा शौक फार झाला होता. ताई घाबरली. रडारड, रुसवेफुगवे हे तिच्या स्वभावात नाही. नवरात्रात महालक्ष्मीच्या दर्शनाला गेली असताना देवीसमोरच तिने त्यांना गाठलं. सोडा म्हणाली. ते म्हणाले, सोडीन, पण एकदा मनासारखं जिंकू दे. तेव्हा ताईने अट घातली, आणि ती अट ऐकून मला आजही वाटतं, की हिला वकील करायला हवी होती. दिवसाला बाजी एकच लावायची. तीही एका घोड्यावर नाही, तीन शर्यतींतल्या तीन घोड्यांवर, एकात एक गुंफून. पहिला लागला तर जिंकलेलं सगळं दुसऱ्यावर, दुसरा लागला तर सगळं तिसऱ्यावर. एक जरी चुकला तरी हात हलवत घरी. आणि ज्या दिवशी तिन्ही लागतील, त्या दिवसापासून मैदानाचं तोंड बघायचं नाही. भाऊजींनी देवीच्या पायांवर हात ठेवून शब्द दिला. ताईचा हिशेब सरळ होता. रोजची बाजी लहान राहील, आणि कधीतरी तिन्ही लागून हे संपेल. भाऊजींचाही हिशेब सरळ होता. तीन घोडे एका दिवशी लागणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. तो कुठला यायला?

पण झालं काय, की माणूस अभ्यासाने पक्का होत गेला. पहिल्या दोन शर्यती हटकून लागू लागल्या. मी त्यांच्यासोबत मैदानावर असायचो, म्हणून मला ठाऊक. दुसरा घोडा जिंकला की आजूबाजूचे लोक टोप्या उडवायचे, आणि भाऊजींचा चेहरा मात्र उतरायचा. आता तिसराही लागला तर? शनिवार संपले, पहाटेची फेरी संपली, पाट गेला, हरभरे गेले... देवीला दिलेला शब्द मोडण्यातले ते नव्हते. तेव्हापासून त्यांनी एक युक्ती काढली. पहिल्या दोन शर्यतींवर रात्र जाळायची, आणि तिसऱ्या शर्यतीत डोळे मिटून सगळ्यात रद्दी घोडा धरायचा. सुपाऱ्यांच्या पेटीतली सगळ्यात लहान, किडकी, वाकडी सुपारी तिसऱ्या घोड्यासाठी ठरलेली. मी एकदा विचारलं, भाऊजी, हा काय प्रकार? तर कानावर हात ठेवून म्हणाले, "अरे, त्या घोड्याचे डोळे बघ, किती प्रेमळ आहेत." मी पुढे विचारलं नाही. प्रेमळ डोळ्यांचे घोडे जिंकत नाहीत हे मलाही कळत होतं.

मैदानावर त्यांची बाजी घेणारा एक पारशी होता, गोरापान, गोल पोटाचा. दर वेळी दोन घोडे लागून तिसऱ्यावर सगळं घालवणारं हे गिऱ्हाईक त्याला देवाने धाडलेलं वाटायचं. भाऊजी दिसले की तो स्वतः उठून खुर्ची द्यायचा. वाडीतले लोक मात्र हसायचे. एवढा अभ्यास आणि तिसऱ्याला ही अक्कल, म्हणायचे. भाऊजी ते ऐकून घेत, पानाला चुना लावत. संध्याकाळी घरी आले की हरलेल्या घोड्याची सुपारी अडकित्त्याने कातरायची आणि ताईच्या विड्यात घालायची, असा त्या घरचा रिवाज होता. जिंकलेली सुपारी पेटीत परत. म्हणजे तिसरी सुपारी दर शनिवारी ताईच्या वाट्याला. ती चवीने खायची आणि म्हणायची, आजचाही तुरटच होता हो. किती सुखी होती ती दोघं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटायचं, हा माणूस बायकोला फसवतो आहे आणि बिचारीला पत्ता नाही.

आणि मग आला तो नवाबाचा दिवस. नवाब हे घोड्याचं नाव. पांढुरका, म्हातारा, उभ्या उभ्या झोपणारा अरबी घोडा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातला प्रकार. भाऊजींचे पहिले दोन्ही घोडे आरामात लागले. तिसऱ्या शर्यतीत नावाजलेले दोन घोडे होते आणि दोघांच्या पाठीवर भरपूर शिसं. ते दोघे सुरुवातीपासून एकमेकांशी असे काही झुंजले, की शेवटच्या वळणावर दोघांचाही दम उखडला. नवाबाच्या पाठीवर काय होतं? काहीच नाही. एक पोरगेला जॉकी आणि पातळ खोगीर. तो आपला सगळ्यांच्या मागून गवत खायला निघाल्यासारखा येत होता, तो तसाच पुढे आला. कानामागून आला आणि तिखट झाला. जन्मभर वजनाचा अभ्यास केलेला माणूस हेच विसरला होता, की मरतुकड्यालाही जिंकता यावं म्हणूनच हे वजन लादतात. ज्याला हरण्यासाठी धरला त्याचंच ओझं त्या शर्यतीत हलकं केलेलं असतं. लोकांनी भाऊजींना उचलायचंच बाकी ठेवलं. पारश्याचा चेहरा पडला. आणि भाऊजी गवतावर बसले ते घरात सुतक पडल्यासारखे. मला म्हणाले, "संपलं रे. सगळं संपलं." एवढे पैसे जिंकून रडणारा माणूस त्या मैदानाने दुसरा पाहिला नसेल.

करीमच्या गाडीतून ते माझ्याबरोबर परतले. घरी आल्यावर जिंकलेल्या पैशांची पुरचुंडी ताईपुढे ठेवली, हातपाय धुतले, आणि माजघराच्या उंबऱ्यावर बसून म्हणाले, तिन्ही लागले. उद्यापासून मी मोकळा. तो पाट स्वयंपाकघरात नेऊन ठेव. मी भिंतीला टेकून उभा. वाटलं, आता ताई हसेल, देवापुढे साखर ठेवील. इतकी वर्षं याचीच तर वाट बघितली तिने.

ताईने पुरचुंडीला हात लावला नाही. तिने विचारलं, "तिसरा तुम्ही मनापासून निवडला होता का?"

भाऊजींनी पानाला चुना लावायला घेतला.

"शुक्रवारी दोन शर्यतींना तुम्ही दिव्यातलं तेल संपवता. तिसऱ्या सुपारीकडे ठेवताना बघतसुद्धा नाही. मला काय दिसत नाही? घरात मीच झाडते, मीच सारवते." मग जरा थांबून म्हणाली, "मी तीन घोडे निवडून लावा म्हटलं होतं. तुम्ही दोन निवडलेत, एक टाकलात. टाकलेला लागला, ती त्याची पुण्याई. तुमचे तीन अजून लागायचेत."

भाऊजी तिच्याकडे बघतच राहिले. म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं! वर्षानुवर्षं ती किडकी सुपारी चघळत ही बाई मनातल्या मनात हसत होती, आणि फसवला गेलो होतो तो मी. भाऊजी पुटपुटले, पण देवीला शब्द दिलाय. ताई म्हणाली, देवीचं मी बघते. पुढच्या शुक्रवारी ती जाऊन देवीची खणानारळाने ओटी भरून आली, लुगडं नेसवून आली. उरलेल्या पैशांतून चोरबाजारातून एक जुनी दुर्बीण घेतली आणि भाऊजींच्या हातात दिली. म्हणाली, निदान हरताना तरी नीट बघा.

त्यानंतरचे शनिवार फार सुखाचे गेले. चोरी राहिली नाही, पण रिवाज राहिला. पहिल्या दोन सुपाऱ्यांचा काथ्याकूट व्हायचा, आणि तिसरीची वेळ आली की भाऊजी पेटी ताईपुढे धरायचे. ती शोधून शोधून सगळ्यात वाकडी सुपारी काढून द्यायची. मग दोघंही हसायची. वाडीतले लोक हसायचे ते वेगळं. नवरा-बायकोंनी मिळून एक घोडा हरवायला निवडावा आणि त्यात जन्म आनंदात काढावा, हे कोणाला सांगून पटणार? भाऊजी गेले ते त्याच सुखात. शुक्रवारी रात्री पाट मांडला, निवडलेल्या तीन सुपाऱ्या देवाशेजारच्या देवळीत ठेवल्या, झोपले... आणि उठलेच नाहीत. माझ्या माणसाला इतकं चांगलं मरण आलं, याचं मला दुःखापेक्षा समाधान जास्त आहे, मग कोणी काही म्हणो.

गेल्या शुक्रवारी मी परळहून गिरगावात गेलो होतो. आता मी अधूनमधून जातो. ताईचा विडा सुटला आहे, अडकित्ता कोनाड्यात पडून असतो. संध्याकाळी तिने आपण होऊन पाट आणून माजघरात ठेवला आणि म्हणाली, उद्याची शर्यत वाच. मी वर्तमानपत्र उघडलं. पहिल्या दोन शर्यतींचे घोडे मला जमतील तसे सांगितले, भाऊजींची नक्कल करत, कपाळाला आठ्या घालत. तिने हरभरे मांडले, सुपाऱ्या सरकवल्या. तिसरी शर्यत आली आणि माझी नजर सवयीने यादीच्या तळाशी गेली. सगळ्यात हलक्या वजनाचा, सगळ्यात म्हातारा घोडा. मी त्याचं नाव वाचलं.

ताई उठली. देवळीत भाऊजींनी त्या रात्री ठेवलेल्या तिन्ही सुपाऱ्या अजून तशाच होत्या. त्यांतली वाकडी सुपारी तिने घेतली, कोनाड्यातला अडकित्ता काढला, सुपारी कातरली आणि माझ्या हातावर ठेवली. मग पेटीतून एक चांगली टपोरी सुपारी निवडून तिसऱ्या जागी मांडली.

"आता नीट निवड," ती म्हणाली. "मनापासून. लागला तर लागू दे. सोडायला लागेल असं आता आपल्यापाशी काय राहिलंय?"

सुपारी तुरट होती. ती चघळत मी तिसऱ्या शर्यतीची वजनं पहिल्यापासून वाचायला लागलो.