मैदान भरलं होतं का?

श्रीधरदादा गेल्याचं मला मंगलवहिनींनीच फोनवर सांगितलं. सकाळची वेळ, मी कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावत होतो. "विनू, हे गेले रे," एवढंच त्या म्हणाल्या. त्याला आता दीड महिना झाला. रडू येण्याआधी माझ्या मनात काय आलं ते लिहायला हात धजत नाही… आता ती गोष्ट कधीच बाहेर येणार नाही, असं वाटून मला क्षणभर हायसं वाटलं. ज्या माणसाने मला बोट धरून या धंद्यात आणलं, त्याच्या मरणाने मला सुटल्यासारखं वाटावं! तेव्हापासून मला माझीच चीड येते आहे.

आम्ही काशीतले मराठी; दादा दूधविनायकचे, आम्ही दुर्गाघाटचे. ते जन्मांध. घरात सगळे वेदपाठी, ऐकून पाठ करण्याचीच रीत, त्यामुळे पोराला दिसत नाही म्हणून कुणाचं फारसं अडलं नाही. पण या पठ्ठ्याने संहितेऐवजी निवडणुकांचे निकाल पाठ केले. कोणत्या मतदारसंघात कोण कुणाला कितव्यांदा आडवं गेलं, ते झोपेतून उठवलं तरी सांगायचे. आधी रेडिओवर होते, मग एका हिंदी वृत्तवाहिनीच्या इथल्या कार्यालयात राजकीय वार्ताहर झाले, आणि मला कॅमेरामन म्हणून घेऊन आले. लाइव्हच्या आधी मी त्यांचे खांदे धरून कॅमेऱ्याकडे वळवायचो. "नाक सरळ आहे ना? मग चालू कर," असं म्हणायचे. एकदा पत्रकार परिषदेत एका पुढाऱ्याने त्यांना डिवचलं, "आपको दिखता क्या है, पंडितजी?" दादा शांतपणे म्हणाले, "इतना दिखता है कि आपने जवाब नहीं दिया." सगळा हॉल हसला, पुढारीही हसला. मग दादांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

सभेला गेले की ते गर्दी ऐकत. पुढच्या रांगेतली टाळी मागे कुठपर्यंत पोचते, घोषणेला मागून उत्तर येतं की नाही, यावरून त्यांचा अंदाज बांधला जायचा आणि तो सहसा चुकत नसे. तरी बोलायच्या आधी मला विचारायचेच. "तुझे डोळे, माझे कान. दोन्ही जुळले तरच बोलायचं," हा त्यांचा नियम.

निवडणुकीतली ती सभा दुपारची होती. ऊन मी म्हणत होतं. मी मंचाच्या कडेला व्ह्यूफाइंडरला डोळा लावून उभा होतो. चौकटीत पुढच्या रांगा, झेंडे, ठासून माणसं. दादा म्हणाले, "विनू, मागे खाली वाटतंय रे. आवाज मागे जातच नाहीये. जरा वर चढून बघ ना." दहा पावलांवर कॅमेऱ्यांसाठी बांधलेलं मचाण होतं. मी डोळासुद्धा काढला नाही. "नाही दादा, फुल्ल आहे."

"पक्का?"

"पक्का."

स्टुडिओतून गर्दीबद्दल विचारणा झाली आणि दादांनी, स्वतःचे कान बाजूला ठेवून, सांगून टाकलं, "मैदान खचाखच भरा है." संध्याकाळी बाकीच्या वाहिन्यांवर निम्म्या मैदानातल्या रिकाम्या खुर्च्या दिसल्या. मग मोबाइलवरून दादांची ती क्लिप गावभर फिरली. आंधळ्याने गर्दी पाहिली, म्हणून लोक खिदळले. ऑफिसात साहेबांनी विचारलं, "किसने बताया था?" मी तिथेच उभा होतो. दादा म्हणाले, "मेरा ही अंदाज़ ग़लत था."

मी गप्प राहिलो. नोकरीची भीती वाटली, दुसरं कारण नाही. दादांना लाइव्हवरून काढून पुढाऱ्यांची भाषणं ऐकून टाइप करायला बसवलं. ते पुन्हा पडद्यावर दिसले नाहीत. माझ्याशी मात्र पूर्वीसारखेच बोलायचे, आणि तेच मला सोसेना. मी त्यांच्या घरी जाणं कमी करत आणलं.

परवा शोकसभा झाली. एका तरुण वार्ताहराने दादांचं मनापासून कौतुक केलं, "एक चूक सोडली तर" असं म्हणून. मी दुसऱ्या रांगेत होतो. उठलो नाही. पण दुसऱ्या दिवशी वहिनींकडे गेलो आणि त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं.

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे ह्यांना बरोबर ऐकू आलं होतं?"

"हो."

त्या उठल्या, कपाटातल्या फाइलीतून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. दादांचे कान तपासल्याचा रिपोर्ट होता.

"त्या क्लिपनंतर मीच जबरदस्तीने नेलं होतं. म्हटलं, डोळे नव्हतेच, आता कानपण धोका देतायत तुमचे. डॉक्टर म्हणाले, दोन्ही कान बिल्कुल ठीक आहेत. माझा विश्वासच नाही बसला रे… आणि हे एक शब्द बोलले नाहीत. शेवटपर्यंत मी ह्यांच्याशी ओरडून बोलत राहिले."