टेबलावर ठेवू नको

"लेकराला टेबलावर ठेवू नको. घाण लागेल."

डॉक्टर आधी एवढंच बोलला. तेही माझ्याकडे न बघता. त्याच टेबलावरून आत्ताच एका पुढाऱ्याचा नातू उचलला होता. त्याच्या गालाला हात लावून डॉक्टरने त्याला हसवलं होतं. माझं लेकरू तान्हंच होतं, त्याच्याच वयाचं.

आम्ही नुकतेच ऊसतोडीवरून वडवणीकडं परतलो होतो. फडात लेकरू कुठं ठेवणार? उसाच्या पाचटावर धडपा टाकायचा, त्यावर निजवायचं. पाचटाने मान, मांड्या ओरखडल्या. ओरखड्यांवर फोड आले, फुटले, पिवळी खपली धरली. सासू म्हणाली, "देवी आलीय. पाणी लावू नगंस." दारात लिंबाचा पाला लटकला, लेकराची अंघोळ बंद झाली. फोड पसरत गेले.

हे सांगायला मी तोंड उघडलं. डॉक्टरने लांबूनच पेन रोखला. "खरूज आहे. तुम्ही लोक अंघोळच घालत नाही." खरजेचं औषध लिहून दिलं. मी मान खाली घालून बाहेर आले. चोरी केल्यासारखी लाज वाटली.

ते औषध लावलं की लेकरू किंचाळायचं. मग किंचाळणंही थांबलं. अंग तापलं. छातीला लावलं तरी तोंड उघडेना. मांडीवरचा एक फोड सुपारीएवढा झाला, लाल, टणक. ते मरतंय, हे मला कळत होतं.

पुन्हा तिथंच गेलो. डॉक्टर म्हणाला, "लांब धर."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी लेकरू उघडं करून टेबलावर ठेवलं.

"ठिवलंय. आता हात लावून बघा. त्याबिगर मी उचलत न्हाई."

बाहेरची माणसं दारात जमली. नवरा दंड ओढायला लागला, "चल की. कावून तमाशा करायलीस?" मी हलले नाही.

डॉक्टरने हातमोजे चढवले. फोड दाबला. पू आला. त्याचा चेहरा उतरला. "खरूज नाही. जंतू झालेत, अंगात पसरलेत. बीडला न्या, लगेच."

मी लेकरू उचललं, तसं त्याने टेबल स्पिरिटने पुसून घ्यायला सांगितलं. माझ्यासमोर.

बीडला डॉक्टरीणबाईंनी कोमट पाण्यात खपल्या भिजवून काढल्या, फोडाला चीर दिली, शिरेतून अँटिबायोटिक सोडलं. लेकरू वाचलं. मांडीला खड्डा राहिला.

माफी कुणी मागितली नाही. मला नकोच ती. आता आमच्या ऊसतोडीच्या टोळीतलं कुणाचंही लेकरू आजारी पडलं की मी सोबत जाते. आत शिरते आणि लेकरू टेबलावर ठेवते. विचारत नाही. पुसायचं तर मागून खुशाल पुसा.