आमच्या वेबसाइटवर कोणी विश्वास ठेवेना

वेबसाइट बनवायला मे महिना पुरला. ती खरी आहे हे लोकांना पटवण्यात मात्र पुढचा सगळा पावसाळा गेला, आणि किस्से साठले ते त्याच पावसाळ्यात. मला खरं तर ते सांगायचे नसतात. पण चुकून एखादा सांगितला, की समोरचा म्हणतो, "छे, असं कुठे असतं?" मग पहिला खरा आहे हे पटवायला दुसरा सांगावा लागतो.

तर गोष्ट २०१६ सालची. नरपडला माझ्या काकांची चिकूची वाडी आहे. वसंतकाका रेल्वेत तिकीट खिडकीवर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी घरामागे तीन खोल्या बांधल्या, समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी. पडदे काकूने स्वतः शिवले. पाहुणे मात्र आले नाहीत.

त्यांचा मुलगा मंदार वापीला एका कंपनीत आहे. तो एका रविवारी आला आणि म्हणाला, "दिवाळीपर्यंत वाट बघा. नाहीच कोणी आलं तर आमच्या कंपनीला गोडाऊन हवंच आहे." गोडाऊन म्हणजे खोल्यांत ड्रम, आणि ट्रक आत यायला पुढची चिकूची ओळ साफ. काकूने त्या दिवशी मंदारला दुसऱ्यांदा चहा विचारला नाही.

मी बी.एस्सी. झाले होते, बोईसरला वेबसाइटचा कोर्स केला होता आणि घरीच होते. म्हणून हे काम माझ्याकडे आलं. फोन वाजला तरी दचकणाऱ्या मुलीला चौकशीचे फोन घ्यायला बसवू नका, हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं.

*

वेबसाइट बघून पहिला फोन आला तो ठाण्याहून. "हे खरंच आहे ना? हल्ली फोटो कुठलेही टाकतात," एवढं विचारून त्या बाईंनी ठेवून दिला.

मी काकांना सांगितलं, लोकांना विश्वास वाटेल असं काहीतरी टाकायला हवं.

काकांनी स्क्रीनकडे तिकीट तपासावं तसं पाहिलं. "यावर सही-शिक्का कुठे आहे?"

दुसऱ्या दिवशी ते कैनाडहून पाटील गुरुजींना घेऊन आले. गुरुजी शाळेत मुख्याध्यापक. खोलीच्या फोटोची प्रिंट काढून ती त्यांच्याकडून साक्षांकित करून घ्यायची, असं काकांनी ठरवलं होतं. गुरुजी म्हणाले, "मूळ पाहिल्याशिवाय मी सही करत नाही." मग त्यांनी मूळ खोली पाहिली. पलंगावर बसले, नळ सोडून पाहिला, पंखा पाचवर फिरवला. आणि मग फोटोवर बरोबर खिडकीच्या जागी गोल शिक्का मारून खाली लिहिलं, "सत्यप्रत."

काकांच्या आग्रहाने मी तो स्कॅन करून पहिल्याच पानावर टाकला.

त्याच आठवड्यात नाशिकहून एका गृहस्थांचा फोन आला. आवाज फार समजूतदार होता.

"मॅडम, जागा छान दिसतेय. फक्त एक विचारू का? कोर्टाने कधी सील केली?"

*

संपर्काच्या पानावर मी इंटरनेटवरून घेतलेला एक फोटो लावला होता. कानाला हेडफोन, हसरा चेहरा, सोनेरी केस. सगळ्याच वेबसाइटवर असते तशी बाई.

मी कुठे बाहेर गेले की फोन काकूकडे असायचा. लोक विचारायचे, "फोटोतल्या मॅडम आहेत का?"

काकूने पहिल्यांदा सांगितलं, "आज आल्या नाहीत." दुसऱ्या वेळी सांगितलं, माहेरी गेल्यात. पुढच्या वेळी त्यांच्या सासूबाईंना बरं नव्हतं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

एका संध्याकाळी मी आले तर काकू शेंगा निवडत बसली होती. वर न बघता म्हणाली, "स्वाती, त्या गोरीला काढून टाक गं. फार सुट्ट्या घेते."

*

तिच्या जागी माझा फोटो लागला. मंदारने काढला होता, फ्लॅश लावून, आणि एक-दोन-तीन म्हणण्याआधीच. आम्ही परत परत काढून पाहिला. मला फ्लॅश येणार हे माहीत असलं की मी आधीच दचकते, एवढाच फरक पडत होता. शेवटी पहिलाच ठेवला.

पुण्याच्या एक बाई फोनवर अर्धा तास बोलल्या. जेवण, पाणी, समुद्र किती लांब, चिकू तोडू देता का. सगळं पसंत पडलं. ठेवता ठेवता म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे हो. पण रात्री तिथे काही होतं का? फोटोतली मुलगी केवढी घाबरलीय."

मी म्हटलं, "ती मीच."

त्या हळूच म्हणाल्या, "आत्ता तुमच्याजवळ कोणी उभं आहे का?"

*

मग कोणीतरी सांगितलं की पाहुण्यांचे अभिप्राय टाका, त्याने खात्री पटते. आमच्याकडे पाहुणेच नव्हते. मी म्हटलं, दोन-चार आपणच लिहू. सगळेच लिहितात. काकांनी चष्मा काढला. "मी आयुष्यात कोणाला खोटं तिकीट फाडून दिलेलं नाही." विषय संपला.

तोडगा काकूने काढला. ओळखीच्यांना एक रात्र फुकट ठेवायचं, जेवायला घालायचं, आणि जे वाटेल ते त्यांनी लिहायचं. मग ते खोटं कसं?

तलासरीहून काकांचे जुने सहकारी मोरे आले. त्यांनी लिहिलं, "पंखे चालू. दिवे चालू. पाणी उपलब्ध. तक्रार नाही."

पाटील गुरुजींनी लिहिलं, "श्री. वसंत राऊत यांना मी बऱ्याच वर्षांपासून ओळखतो. माझ्या माहितीप्रमाणे त्यांची वर्तणूक चांगली आहे. त्यांना पुढील वाटचालीस शुभेच्छा."

माझी सगळी आशा भानुबेनवर होती. त्या खोल्यांच्या मागेच राहतात आणि बोलतात फार गोड. "असा लिहिते ना बेटा, मुंबईवाला धावत येल," म्हणाल्या. लिहिलं गुजरातीत. मी मराठी केलं, त्याखाली नाव आणि गाव घातलं, आणि तसंच टाकलं:

"खोली एकदम चोख. गादी पण नरम. पण खिडकीतून आपलंच घर दिसतं, त्यामुळे गॅस बंद केला का बघायला दोनदा जाऊन आले."

*

ऑगस्टमध्ये मी वेबसाइटवर चॅटचा डबा बसवला. कोणी काही विचारलं की 'टिंग' वाजायचं. पहिल्या टिंगला माझ्या हातून चहाचा कप गेला, दुसऱ्याला बशी. काकू म्हणाली, "सेट मोडतोय माझा. याचा काही बंदोबस्त कर."

मी आवाज बंद केला आणि आपोआप जाणारं एक उत्तर लिहून ठेवलं. छान, नम्र, कुठल्याही प्रश्नाला चालेल असं.

दोन दिवसांनी उघडून पाहिलं. कोणीतरी विचारलं होतं, "ही वेबसाइट फसवणुकीची तर नाही ना?"

खाली आमचं उत्तर गेलेलं होतं. "विचारल्याबद्दल धन्यवाद! आमचं सगळं कुटुंब हेच काम मनापासून करतं."

*

दसरा झाला तरी बुकिंग नव्हतं. मंदारला दिवाळीपर्यंतही धीर निघाला नाही. एका शनिवारी तो कंपनीच्या देसाईसाहेबांना घेऊन आला. साहेबांच्या हातात मोजायचा टेप. काकूने चहा केला, ट्रे टेबलावर ठेवला आणि चिकूच्या पुढच्या ओळीकडे तोंड करून उभी राहिली.

साहेबांनी टेप उघडलाच नाही. ओटीवर बसून म्हणाले, "मंदारभाई, तुम्ही बोललात जागा रिकामी आहे. मी काल रात्री तुमची वेबसाइट बघितली. शिक्का काय, लोकांचे अभिप्राय काय. इथे तर धंदा चालू आहे."

"कसला धंदा, सर," मंदार म्हणाला. "कोणी येत नाही. ती वेबसाइट नुसती दाखवायला आहे. घरीच बनवलीय, या माझ्या चुलत बहिणीने."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दचकले. त्यांनी उत्तर मिळाल्यासारखी मान हलवली.

मग त्यांनी सरळ काकांना विचारलं, "काका, तुम्ही सांगा. किती कस्टमर आले आत्तापर्यंत?"

काकू वळून काकांकडे बघायला लागली. मीही. काका खोटं बोलणार नाहीत, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

"एकही नाही," काका म्हणाले.

देसाईसाहेब इतके हसले की चहा बशीत सांडला. "बघा मंदारभाई, याला बोलतात पक्का धंदेवाला. मला इन्कम टॅक्सचा समजले."

"सर, ते खरं सांगतायत."

"अहो, वापीत मी रोज ऐकतो हे. ज्याला विचाराल तो हेच बोलतो, धंदा नाही, धंदा नाही." त्यांनी टेप खिशात घातला. "नको. चालू धंदा उठवून ड्रम ठेवायचे आणि उद्या अर्धा गाव कंपनीच्या गेटवर. आपण दुसरीकडे बघू."

मंदार काही बोलायला गेला. साहेबांचं लक्ष मागच्या खोल्यांकडे होतं. वाऱ्याने पडदे हलत होते.

"काकू," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "घरचे मागे लागलेत, दिवाळीत समुद्रावर घेऊन चला म्हणून. एक रूम भेटेल का? की फुल आहे?"

"सर, तिन्हीच्या तिन्ही..." मंदारने तोंड उघडलं.

"तू थांब जरा," काकू म्हणाली. तिने पदर सारखा केला. "दिवाळीत म्हणता? बघावं लागेल. स्वाती, बघ गं, एखादी निघते का."

मी लॅपटॉप उघडला आणि बराच वेळ बघत बसले.