डोक्यावरची रेघ

माझ्या नातीचं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. मी जन्मभर काचीगुड्याकडच्या एका मराठी शाळेत पहिली-दुसरीच्या पोरांचे हात धरून अक्षरं गिरवून घेतली, आणि घरच्या पोरीचं हे असं. ती शाळा बंद पडली, पोरंच येईनात. माझा मुलगा मराठी फडाफडा बोलतो, पण वाचायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो. बेगम बाजारला किराणा आणायला निघाला की माझी यादी मलाच परत देतो. "आई, तू वाच, मी मोबाईलमध्ये टाकतो." म्हणजे मी डोळे मिटले की या घरातला मराठीचा कागद फक्त पुड्या बांधायच्या कामाचा. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नातीला घेऊन बसले. दुसरीत आहे ती. एवढी एक तरी मराठी लिहिणारी मागे राहू दे, याहून जास्त काही मी मागत नव्हते.

पहिल्याच दिवशी तिला 'कमळ' लिहायला सांगितलं. तिने तिन्ही अक्षरं सुटी सुटी काढली आणि एकेकाच्या डोक्यावर तिरपी खूण मारली, बरोबर उत्तरावर मारतात तशी. मी कपाळाला हात लावला. तेलुगूत बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर तशी खूण असते, तलकट्टु म्हणतात तिला. शाळेत तेलुगूच्या टीचरने ती घोटून घोटून घेतलेली. पोरीला वाटलं, अक्षर म्हटलं की ती आलीच.

"अगं, सगळ्यांना शेंड्या काय लावत सुटलीस?"

"पाहिजेच ना आजी. नाही तर टीचर मार्क्स कट करते."

मग मी छपराची युक्ती काढली. शब्द म्हणजे घर. आधी आत माणसं बसवायची, मग सगळ्यांवर मिळून एकच छप्पर घालायचं, पेन्सिल न उचलता. रेघ वाकडी गेली की मी चिडायचे. माझा स्वभावच तसा, शाळेतली पोरंही मला वचकून असायची. ती रडवेली व्हायची, बोटांवर फुंकर मारायची आणि पुन्हा लिहायला घ्यायची. सुट्टी संपत आली तशी तिची रेघ सरळ यायला लागली. चिंच, गूळ, हळद, माझी किराण्याची सगळी यादी तिने एकदा वहीत उतरवून काढली. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला वाटलं, जमलं बाई. घरभर वही मिरवली मी.

शाळा सुरू झाली आणि टीचरने सुनेला बोलावून घेतलं. सून ऑफिसातून तशीच शाळेत गेली, आणि आली ती तेलुगूचा पेपर घेऊन. पोरीने प्रत्येक तेलुगू शब्दावर छप्पर घातलं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पेन्सिल न उचलता. इतकी सरळ रेघ तिने माझ्यापुढे बसूनही कधी काढली नव्हती. खाली गोल गोल अक्षरं गुदमरून गेलेली. टीचरने पानभर लाल काट मारली होती.

सून भली आहे, कधी आवाज चढवत नाही. "आई, वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली, "पण थोडे दिवस मराठी राहू द्या. तेलुगूत मागे पडली तर पुढे तिलाच जड जाईल."

तिचं खरंच होतं. इथे राहायचं तर तेलुगूवाचून भागत नाही, आणि मराठी वाचता येत नाही म्हणून माझ्या मुलाचं काय अडलं? मी नुसती मान हलवली. पण थोडे दिवस म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. आमची शाळाही थोडेच दिवस बंद राहणार होती.

संध्याकाळी सून स्वयंपाकाला लागली आणि नात तेलुगूची वही घेऊन माझ्याजवळच आली. वहीतही तेच, ओळीच्या ओळी छपरं. तेलुगू मला येतं, बसच्या पाट्या वाचून वाचून शिकले.

"छप्पर काढ," मी म्हटलं.

"सगळ्यांचं?"

"हौ, सगळ्यांचं."

तिने खोडलं. मी तिचा हात धरला आणि एकेका अक्षराच्या डोक्यावर तिच्याकडून खूण काढून घेतली. हात आता छान वळतो तिचा. वळण मीच लावलेलं. राग काढायचा तरी कुणावर?

पान संपलं तशी तिने मराठीची वही पुढे ओढली. खोडरबर हातात होतंच.

"आजी, यातली पण काढू?"

मी नको म्हणेपर्यंत हळदीवरची रेघ निघाली होती. उघड्या तीन अक्षरांवर पेन्सिल धरून ती थांबली.

"आता यांना वर काय देऊ?"

"राहू दे तशीच," मी म्हटलं.